छुट्टे

तिसरी ब. रामबागेतल्या शाळेचा वरचा मजला.
पंख्याचं एक पातं वाकडं,
दर फेऱ्याला तो एकदा खोकतो.
फळ्यावर बेचाळीस, खाली सतरा,
आणि मी, अठरा वर्षं म्हणतेय तेच म्हणणारी :
दोनातून सात जातात का?
"नाही जाऽऽत."
मग शेजारच्या चाराकडून एक उसना घ्या.

उसना.
उषागंजात आमच्या घरी साखर संपली
की मी वाटी घेऊन केकऱ्यांकडे जायची.
एक तारखेला तीच वाटी
शिगोशीग भरून परत,
सपाट वाटी परत करू नये, आई म्हणायची.
मग चाराचा तो एक कधी परत जायचा?
उत्तराखाली दोन रेघा ओढल्या जायच्या, वही मिटायची,
आणि चार तिथेच, अंगावर काट,
डोक्यावर तीन घेऊन उभा.
मी कुणाला विचारलं नाही.
गणितात विचारायचं नसतं, करायचं असतं,
असं तेव्हा वाटे. तेव्हाच कशाला,
बी.एड. झाल्यावरही.

या वर्षी खराटे झिजले तेव्हा
शिपाईमामांकडून मी काड्या मागून घेतल्या.
शेवेच्या पुड्यांची रबरं मुलांनी घरून आणली.
दहाची एक जुडी. बांधा.
नकुल बिडवईच्या जुडीत कायम अकरा.
"एक जास्तीची, मॅडम. तुटली तर."

चार जुड्या, दोन सुट्या काड्या.
यातून सतरा मला द्या, म्हटलं.
वर्ग गप्प. पंखा खोकला.
पलक सोनवणेनं एका जुडीचं रबर
दातानं ओढून काढलं,
काड्या बाकावर सांडल्या.
"घ्या. छुट्टे."

उसने, पलक. चाराकडून उसने घेतले आपण.
"चार कोण?" तिनं मागे वळून पाहिलं,
जणू कुणी उभं असेल.
"जुडी आपलीच आहे ना, मॅडम?
आपली नोट, आपणच मोडली.
यात उसनं काय?"

मल्हारगंजच्या कोपऱ्यावर तिच्या बाबांची गाडी,
थंडीभर गराडू तळतात,
आणि चिल्लरीचा डबा हिच्या मांडीवर.
शंभराची नोट किती तऱ्हांनी मोडते
हे तिच्या बोटांना पाठ,
आणि मोडली तरी शंभर शंभरच राहतात, हेही.

मोजलं सगळ्यांनी. तीन जुड्या, बारा काड्या.
बेचाळीस. कुठेच गेले नव्हते.
मराठीत याला मोड म्हणतात, मी सांगितलं.
"मटकीला येतात ते?"
हो, तसेच. आतूनच येतात.

बारातून सात गेले. तीन जुड्यांतून एक गेली.
पंचवीस, पंचवीस, खिडकीपाशी पंचवीस,
आणि नकुलचे सव्वीस.
तुटली तर म्हणून ठेवलेली काडी
तुटलीच नव्हती.
त्याला चूक म्हणायला जीभ वळेना,
म्हटलं, शोध, कुठून आली ही एक.
तो मधल्या सुट्टीतही शोधत होता.

फळ्यावरचं 'उसना' मी पुसलं.
डस्टर ओलं करून पुसलं,
तरी 'उ'ची शेपटी राहिलीच.

संध्याकाळी मल्हारगंजात गराडूची एक प्लेट घेतली,
लिंबू पिळलेली, मसाला जरा जास्तच.
पाचशेची नोट पुढे केली.
पलकनं डबा उघडला, हलवला, आत डोकावली.
"छुट्टे नाहीत, मॅडम. उद्या शाळेत द्या."
म्हणजे उसने?
"हओ," ती म्हणाली, "हे उसने."